उत्तम शुक्रवारचा उपास आणि गोळ्यांचा डबा

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चमध्ये दुपारी १२ ते ३ ची उपासना चालू असते. बाहेर कोल्हापूरचं मार्च-एप्रिलचं ऊन, आत गर्दी. येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांपैकी पाचवा, म्हणजे 'मला तहान लागली आहे', येईपर्यंत मागच्या बाकावर कुणाला तरी भोवळ येते. पदरानं वारा घालतात, पाणी शिंपडतात आणि 'उपास आहे त्यांचा' म्हणून विषय संपतो. खरं कारण पुष्कळदा वेगळंच असतं. शुगरची गोळी सवयीनं सकाळी घेतलेली असते आणि पोटात मात्र काही गेलेलं नसतं.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, आणि घोळ इथंच होतो. ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड या गोळ्या तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाहीत. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात आणि साखर खाली येते. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फार कमी. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यात उपास आणि पाणीही कमी, असं झालं तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि शुगरच्या मीटरवरचा आकडा फारसा चढलेला नसल्यानं लवकर लक्षातही येत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप ही लक्षणं दिसली तर थेट दवाखाना गाठायचा. बीपीच्या 'पाण्याच्या', म्हणजे लघवी वाढवणाऱ्या, गोळीवर असणाऱ्यांनी निर्जळी उपास करूच नये. म्हणून लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, लागायच्या आधीच गोळ्यांचा डबा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि 'उपासाच्या दिवशी कोणती, किती, केव्हा' हे कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन आपल्या मनानं बंद करायचं नाही. टाइप १ मधुमेह असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि किडनीच्या रुग्णांनी अन्नाचा उपास सोडूनच द्यावा.

घाम, हातांची थरथर, धडधड, असंबद्ध बोलणं, यातलं काही दिसलं की मीटर लावा. आकडा ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. आकडा वर आला की भाकरी नाहीतर बिस्किटं द्या, नाहीतर तासाभरात परत तेच. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका; त्यातल्या स्निग्धामुळे साखर सावकाश चढते. बीपीची किंवा हृदयाची मेटोप्रोलोल, अटेनोलोल ही गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम तेवढा दिसतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि अँब्युलन्स बोलवायची. उपास त्या क्षणी संपला. त्यावर चर्चा नको.

'गोळी घेतली, मग उपास मोडला का?' हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी हमखास विचारतात. कॅथलिक नियमात बंधनकारक उपास दोनच दिवस, भस्म बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार, तोही साधारण १८ ते ५९ वयाला. त्या दिवशीही एक पूर्ण जेवण चालतं. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घेण्याआधीच्या एक तासाच्या उपासातही पाणी आणि औषध चालतं. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा वयाचा नियम नाही, आणि म्हणूनच की काय, सत्तरीतली माणसं स्वतःवर जास्त सक्ती करतात. पाळकांनी हे आधीच्या रविवारी व्यासपीठावरून स्पष्ट सांगितलं पाहिजे. बायबलमधला दमलेला संदेष्टा एलीया 'आता पुरे, मरण दे' म्हणून झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूतानं त्याला उपास सांगितला नाही. दोनदा उठवून भाकरी आणि पाणी दिलं (१ राजे १९).

ज्यांना अन्न सोडता येत नाही त्यांनी मटण सोडावं, रात्री नवानंतरचा मोबाइल सोडावा. वाचलेल्या मटणाचे पैसे पाकिटात घालून एखाद्या गरजू घरी द्यावेत. बायबलमधल्या यशया ५८ मधला, भुकेल्याला भाकर देण्याचा, उपास असलाच आहे.

शेजारच्या सवयीनं आपल्याकडेही साबुदाणा शिरलाय. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. एक वाटी खिचडीनं साखर चढते आणि दोन-तीन तासांत पुन्हा भूक. कोल्हापुरी गूळही शुगरवाल्यांना साखरच, अभिमान बाजूला ठेवून सांगतोय. डोकेदुखी बहुधा चहा एकदम तोडल्याची असते, म्हणून चार दिवस आधीपासून एकेक कप कमी करत यावं.

संध्याकाळी सोडताना आधी पाणी, मग ताक, अर्ध्या तासानं भाकरी-आमटी. तांबडा रस्सा रविवारी, पुनरुत्थानाच्या दिवशी. रिकाम्या पोटावर तो ओतला की रात्रभर छातीत जळजळ.

चर्चच्या कपाटात साखरेची पुडी, पाण्याची बाटली आणि ग्लुकोमीटर ठेवा. पट्ट्यांची मुदत आधी तपासा. डबी उन्हात गाडीत राहिली असेल तर नवी आणा, कारण तसल्या पट्टीवरचा आकडा चुकतो.