ग्रेनाडा (कॅरिबियनमधलं बेट), मुक्काम तिसरा महिना
जून ते नोव्हेंबर इकडे हरिकेनचा सीझन, म्हणून आमची शिडाची बोट प्रिकली बेमध्ये नांगर टाकून उभी आहे, वादळं बहुतेक वेळा उत्तरेकडून निघून जातात पण 2004 ला आयव्हन आलंच होतं ना, त्यामुळे सकाळी डोळे उघडले की आधी हवामान बघायचं.

आज डिंगीतून, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीतून, पाण्याचे चार कॅन आणले, हात भरून आलेत. बाजारात एका आजींनी ताजं जायफळ फोडून दाखवलं, पिवळं फळ आणि आत बीला बिलगलेली लालभडक, ओली जायपत्री! आपल्या डब्यातली वाळकी जायपत्री मूळची अशी असते, खरंच माहीत नव्हतं. आयव्हनने इथली बहुतेक झाडं पाडली आणि नवीन झाडाला फळ धरायला 7-8 वर्षं लागतात, आजी इतक्या शांतपणे सांगत होत्या की मला काही बोलवेना. दोन मुठी घेतली, केबिनभर वास सुटलाय.