बुलडॉग घोरतो तेव्हा

आमच्या बुलडॉगचे घोरणे शेजारच्या खोलीत ऐकू येते. त्यावर मनमुराद हसून झाले की पाहुणे हमखास विचारतात, ही जात फार आजारी पडते म्हणतात, ते खरे का? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो : खरे आहे, आणि त्या दुखण्यांचे मूळ पुष्कळसे या घोरण्यातच आहे.

माणसाच्या हौसेपायी या कुत्र्याचा जबडा पिढ्यान्‌पिढ्या आखूड होत गेला, पण आतले मांस त्या मानाने आखडले नाही. त्यामुळे अरुंद नाकपुड्या आणि घशात लोंबणारी लांब मऊ टाळू यांतून हवा ओढताना त्याला प्रत्येक श्वासाला जोर लावावा लागतो. कुत्रा प्रामुख्याने धापा टाकूनच अंग थंड करतो, तेव्हा ज्याची धापच अपुरी त्याच्या जिवावर ऊन सहज बेतते. आम्ही त्याला पहाटे आणि रात्रीच फिरवतो आणि गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरतो. धाप घरघरू लागली किंवा जीभ निळसर दिसली, तर अंगावर पाणी ओतून, वारा घालत तडक पशुवैद्याकडे न्यायचे, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. एकदा लाडापायी त्याचे वजन दोन किलोंनी वाढवले, तर तो जिन्यात मध्येच बसू लागला. खाणे मोजून दिल्यावर तो पुन्हा एका दमात वर येऊ लागला. नाकपुड्या रुंद करण्याची व टाळू कापून आखूड करण्याची शस्त्रक्रिया असते. ज्याला तिची गरज आहे त्याच्यावर ती लहान वयात, स्वरयंत्र खचण्यापूर्वी झालेली बरी.

चेहऱ्याच्या घड्या आणि शेपटीखालची खोबण पुसण्यापेक्षा कोरडी करणे महत्त्वाचे, हे मला उशिरा कळले. मी इमानेइतबारे ओल्या फडक्याने पुसत होतो आणि ओल आत तशीच राहून कातडी लाल होत होती. डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गोळा दिसला, म्हणजेच ‘चेरी आय’ झाला, तर ती ग्रंथी कापून न टाकता जागेवर बसवून घ्यावी, कारण अश्रूंचा मोठा भाग तिथेच तयार होतो आणि ती गेल्यास डोळा कायमचा कोरडा पडू शकतो. खुब्याचे आणि मणक्याचे दोषही या जातीत बरेच आढळतात.

पिल्लू घ्यायचेच असेल, तर त्याच्या आईवडिलांना थोडे चालवून आणायला सांगा आणि परतल्यावर त्यांचा श्वास ऐका. पिल्लाकडे त्यानंतर पाहा.