पूर, दरड आणि वाऱ्याने पडलेलं फळ

भुसावळ, श्रावण

हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, ही पावसाळ्यात तापीकाठची रोजची चौकशी. पूर म्हणजे काय ते इथे कुणाला शिकवावं लागत नाही. तरी इंग्रजीत 'पुष्कळ' म्हणायला आपत्ती वापरली की पाय घसरतो.

फ्लड सोपा. तक्रारी, अर्ज, फोन इतके येतात की घेणाऱ्याला आवरत नाहीत, तिथे 'अ फ्लड ऑफ कंप्लेंट्स'. क्रियापद केलं की ऑफ जातो, विथ येतो: फ्लडेड विथ, इनंडेटेड विथ, स्वॅम्प्ड विथ. 'कौतुकाचा वर्षाव' मात्र फ्लडमध्ये घालू नये. वर्षावात माणूस सुखावतो, फ्लडमध्ये गुदमरतो. तिथे 'शॉवर्ड विथ प्रेझ' बरं.

स्पेट हाही पूरच, पण तो लागतो घटनांना, आणि बहुधा वाईट. घरफोड्या, अपघात लागोपाठ झाले की 'अ स्पेट ऑफ'. पैशांचा स्पेट येत नाही.

हेल म्हणजे गारा. टणक, वरून येणारं, एकेक लागणारं, म्हणून गोळ्या, दगड, शिव्या. आपल्या 'भडिमारा'च्या जवळचा शब्द.

अ‍ॅव्हलांच इथे परकाच. मे महिन्यात ४५ अंशांवर हिमकडा डोळ्यांपुढे आणायचा कसा? एक ढेकूळ सुटतं आणि सगळा उतार खाली येतो, एवढं कळलं की पुरे. एका तक्रारीमागून शंभर आल्या तर हा शब्द शोभतो. 'स्नोड अंडर' कामाखाली गाडलेल्याचा. तो कर्मणीच राहतो.

लँडस्लाइडची गंमत वेगळी. दरड मराठीत कधीच 'पुष्कळ' होत नाही. १९८४ च्या लोकसभेत काँग्रेसने ४०० चा आकडा ओलांडला. आपल्याकडे ती सहानुभूतीची लाट, इंग्रजीत लँडस्लाइड. लाट कारण सांगते, लँडस्लाइड जिंकण्या-हरण्यातला मोठा फरक सांगतो. म्हणून 'वन बाय अ लँडस्लाइड'; 'लँडस्लाइड ऑफ व्होट्स' कानाला खटकतं.

त्सुनामी मूळ जपानी, बंदर आणि लाट मिळून झालेला. २६ डिसेंबर २००४ नंतर तो मराठी मथळ्यांत रुळला. स्टँडवरच्या गर्दीला तो लावू नये. माणसांना पाणी म्हटलं की त्यांचे चेहरे पुसले जातात. 'लोंढे' लिहिणाऱ्या मराठी बातमीदारालाही हेच सांगायला हवं.

सगळ्यांत अवघड विंडफॉल. वाऱ्याने आपसूक पडलेलं फळ, म्हणून अनपेक्षित घबाड. रावेर-यावलकडे वाऱ्याचा अर्थ उलटा. निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या केळीच्या बागेत घडाचं ओझं एका बाजूला, खोड पाण्याने भरलेलं आणि मऊ. जोराचं वादळ आलं की घडासकट मधूनच मोडतं, आणि कच्चा घड कुणी घेत नाही. त्या बागायतदाराच्या मुलाला विंडफॉल शिकवताना आधी सांगावं, की झाड सफरचंदाचं आहे.