चिंगीच्या नखांतला रंग

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, रात्री दवाखाना बंद करायच्या वेळी, धायरीहून एक जोडपे आपल्या कुत्रीला चादरीत गुंडाळून घेऊन आले. लॅपटॉपच्या चार्जरची चालू वायर तिने चावली होती, एकदाच जोरात केकाटून ती बाजूला पडली होती आणि नंतर पलंगाखाली जाऊन बसली होती. सोललेली वायर अजून जमिनीवर पडलेली असताना नवऱ्याने आधी मेन स्विच बंद केला आणि मगच तो पलंगाखाली वाकला. हे त्याने फार शहाणपणाचे केले, कारण अशा प्रसंगी जनावराकडे धावत जाणाऱ्या माणसालाही त्याच विजेचा धक्का बसू शकतो.

वायर चावलेल्या कुत्र्याची जीभ भाजलेली दिसते आणि घरच्यांचे सगळे लक्ष तिथेच जाते. माझी नजर मात्र अशा वेळी छातीवर असते. धक्क्यानंतर काही तासांनीही फुप्फुसांत पाणी साठू शकते आणि तोवर कुत्रे वरकरणी ठीक वाटत राहते. म्हणून जिभेच्या कडेचा राखाडी-पांढरा चट्टा पाहून झाल्यावर मी चिंगीला रात्रभर दवाखान्यातच ठेवून घेतले. ती निवांत पडली असताना मिनिटाला किती श्वास घेते हे मोजत राहायचे, आकडा ३० च्या आत राहतो आहे ना आणि हिरड्या गुलाबी आहेत ना हे पाहायचे, एवढेच त्या रात्रीचे मुख्य काम होते. सुदैवाने फुप्फुसे कोरडी राहिली.

तिला तपासताना दोन गोष्टी दिसल्या. पहिली तोंडात होती. कुत्र्याचे दुधाचे २८ दात साधारण सातव्या महिन्यापर्यंत पडून त्यांच्या जागी कायमचे ४२ दात येतात. चिंगी आठ महिन्यांची होती, तरी वरचा डावा दुधाचा सुळा पडलाच नव्हता. नवा सुळा त्याला खेटून उगवला होता आणि दोघांच्या फटीत केस आणि अन्नाचे कण अडकून हिरडी लालभडक झाली होती. दुसरी गोष्ट नखांत होती. पुढच्या दोन्ही पायांची नखे टोकाला चिरफाळलेली होती आणि त्या चिरांमध्ये चॉकलेटी ऑइलपेंटचे बारीक कण रुतले होते. खालच्या पटाशीच्या दातांच्या फटीतही तोच रंग होता.

"तुमच्या घराचं दार कोणत्या रंगाचं आहे?" मी विचारले.

"चॉकलेटी," बायको म्हणाली. "पण मॅडम, ते आता दारासारखं राहिलंच नाहीये."

मग सगळी हकिकत बाहेर आली. चिंगी त्यांना जुलैमध्ये, भर पावसात, एका बांधकामाच्या जागेवरच्या पाइपमध्ये सापडली होती. तिची आई रस्त्यावर गाडीखाली गेली होती. दोघेही नोकरीला जाणारे, पण घरात नवऱ्याची आई होती, त्यामुळे पिल्लू सांभाळण्याचा प्रश्न आला नाही. दसऱ्यानंतर आजी कोरेगाव तालुक्यातल्या आपल्या गावी गेल्या; सोयाबीनची काढणी आणि मग गव्हाची पेरणी उरकूनच परत येणार होत्या. त्यानंतरच्या काही आठवड्यांत चिंगीने चपला, टीव्हीचा रिमोट, चष्म्याचे घर आणि उशा फाडल्या, आजींच्या गादीला भोक पाडले आणि मुख्य दाराची खालची कड नि चौकट कुरतडून लाकूड उघडे केले. घर भाड्याचे होते. मालकाने महिनाअखेरपर्यंत कुत्री हलवा, असा निरोप पाठवला होता. नवऱ्याने बराच वेळ घुटमळून विचारले, "हिला परत साइटवर नेऊन सोडली तर ही जगेल का?"

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, उपाशी-तहानलेले राहण्याच्या परिस्थितीत जनावराला टाकून देणे हा गुन्हा आहे. त्याला मी कायदा सांगितला नाही. तो माणूस निष्ठुर नव्हता, त्याचे डोळे भरून आले होते. मी एवढेच म्हटले की, घरात वाढलेली आठ महिन्यांची कुत्री तिथल्या कुत्र्यांच्या टोळीत टिकणे फार कठीण आहे, आणि निर्णय घेण्याआधी मला थोडा वेळ द्या.

त्या दोघांची समजूत अशी होती की चिंगी डूख धरून हे करते. आम्ही तिला सोडून जातो म्हणून ती आमच्या वस्तू फाडते, आणि आम्ही परत आलो की कान पाडून, डोळे चुकवून कोपऱ्यात बसते, म्हणजे आपले चुकले हे तिला कळते, असा त्यांचा तर्क होता. नवरा फाटलेली चप्पल तिच्या नाकापुढे धरून वर्तमानपत्राच्या गुंडाळीचे फटके देत असे. हा तर्क मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते, आणि त्यापायी कुत्र्यांनी खाल्लेला मार आठवला की जीव तुटतो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मालकांना खोटेच सांगितले जाई की तुमच्या कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला आहे; तेव्हा काहीही न केलेली कुत्रीसुद्धा मालक रागावताच तसाच 'अपराधी' चेहरा करत. तो चेहरा समोरच्या माणसाच्या रागाला दिलेले उत्तर असतो. चिंगीला दुपारचे दार आणि संध्याकाळचा मार यांचा संबंध जोडणे शक्यच नव्हते; तिच्या दृष्टीने घरी परतलेला माणूस कधी कधी मारतो, एवढेच खरे होते, आणि त्यामुळे एकटेपणाच्या भीतीत आणखी एका भीतीची भर पडली होती.

चावणाऱ्या कुत्र्याबद्दल मी नेहमी तीन गोष्टी विचारते: काय चावले, घरात कुठे चावले आणि केव्हा चावले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली होती, तिसऱ्याचे त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून चिंगी घरी जाऊन पूर्ववत खाऊ-पिऊ लागल्यावर मी त्यांना जुना मोबाइल फ्रिजवर उभा करून चित्रीकरण सुरू करायला आणि दोघांनी मिळून बाहेर पडायला सांगितले. अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, आणि त्यातही एकाने खाली पार्किंगमध्येच थांबायचे.

ते चित्रीकरण मी त्यांच्याच घरी, त्यांच्या शेजारी बसून पाहिले. दार बंद होते, लिफ्टचा आवाज येतो आणि चिंगी कान टवकारून उभी राहते. पहिली काही मिनिटे ती नुसती दारापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या मारते. मग धापा टाकू लागते, हनुवटीवरून लाळ गळायला लागते, ती आजींच्या पलंगाजवळ जाऊन गादी हुंगते, पुन्हा दाराशी येते आणि मान वर करून लांबलचक हेल काढून रडते. त्यानंतर पुढच्या दोन्ही पायांनी ती दाराखालची फट खरवडू लागते, मधेच चौकटीला दात लावते, पुन्हा खरवडते. दाराशेजारीच नवऱ्याची कोल्हापुरी चप्पल पडलेली होती. तिच्याकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. जाताना तिच्यासाठी ठेवलेला चिकनचा तुकडा ताटलीत तसाच होता, आणि दोघे आत येताच पहिल्या मिनिटात तिने तो गिळला. बायको पाहता पाहता रडू लागली आणि नवरा उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

भुकेल्या कुत्रीने समोरचे मांस न खाणे यातच सगळे आले. कंटाळलेले कुत्रे मजेत खाते, मग उशी फाडते, मग झोपते. घाबरलेल्या कुत्र्याच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि ते हल्ला चढवते ते बाहेर पडायच्या वाटांवर, म्हणजे दार, चौकट, खिडकीची जाळी यांवर. चिंगीच्या घरात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली मोजल्या जात होत्या. चपला, रिमोट आणि ती वायर हे वयाचे आणि दुखऱ्या हिरडीचे काम होते. ते बहुतेक संध्याकाळी, माणसे घरात असतानाच होत असे. दार आणि चौकट हे एकटे पडण्याच्या घबराटीचे काम होते. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि मार तर दोन्हींना अपायकारकच ठरतो.

पहिल्या भागाची व्यवस्था तुलनेने सोपी होती. सगळ्या वायरी पीव्हीसीच्या पट्टीतून भिंतीच्या कडेने नेल्या, चपलांचे कपाट दाराबाहेर ठेवले. चावू नको असे नुसते सांगून कोवळ्या वयाचे कुत्रे थांबत नाही, त्याला चावायला हक्काचे काही द्यावे लागते. चिंगीसाठी जुना पंचा ओला करून, पीळ देऊन फ्रीजरमध्ये कडक करायचा आणि ठणकणाऱ्या हिरड्यांना तो समोर बसून चावायला द्यायचा, असे ठरले; धागे निघू लागले की पंचा बदलायचा. जेवण ताटलीत न वाढता पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांमध्ये लपवायचे, म्हणजे फाडण्याची हौसही भागते. शिजवलेली हाडे नकोत, कारण त्यांच्या टोकदार कपच्या होतात. मक्याचे कणीस तर कधीच नको. आतड्यात अडकलेली कणसे मी शस्त्रक्रिया करून काढलेली आहेत. याक-गाईच्या दुधाची छुर्पी, म्हणजे वाळवून टणक केलेले चीज, हल्ली सगळीकडे मिळते, परंतु ज्या वस्तूत आपले नख जराही रुतत नाही ती वस्तू दाढ फोडू शकते, म्हणून मी ती देऊ दिली नाही. तोंडात नको ती वस्तू दिसली तर ओढाओढी न करता बदल्यात काही चांगले पुढे करायचे, कारण हिसकावून घेतलेली वस्तू पुढच्या वेळी कुत्रे लपवते किंवा घाईने गिळून टाकते. सकाळचे फिरणेही बदलले. पट्टा लांब ठेवून मोकळ्या प्लॉटच्या कडेने तिला हवे तितके हुंगू द्यायचे. अशा फेरीनंतर ती घरी येऊन गाढ झोपू लागली.

दुसरा भाग अवघड होता, आणि तो अवघड आहे हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. त्यांना कुणीतरी लोखंडी पिंजरा सुचवला होता, तो मी ठामपणे नाकारला. घबराटीत दार कुरतडणारी कुत्री पिंजऱ्याच्या सळ्यांवर दात आणि नखे मोडून घेते. पहिली अट अशी होती की उपचार सुरू असेपर्यंत चिंगीला तिच्या सोसण्यापलीकडे एकटी ठेवायचे नाही, कारण घबराटीचा प्रत्येक प्रसंग मागच्या सगळ्या सरावावर पाणी फिरवतो. दोघांनी घरून काम करण्याचे दिवस वाटून घेतले आणि उरलेल्या दिवसांसाठी खालच्या मजल्यावरचा, परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा पुस्तके घेऊन त्यांच्या हॉलमध्ये बसू लागला. घरमालकाला बायकोने स्वतः फोन केला, चित्रीकरण पाठवले आणि दाराचा खर्च अनामत रकमेतून कापून घ्यायला सांगितले. त्याने मुदत वाढवून दिली.

सराव अगदी बारीक पायऱ्यांचा होता. किल्ल्या वाजवायच्या आणि सोफ्यावर बसायचे. चप्पल घालायची, पाणी प्यायचे, चप्पल काढायची. दार उघडून बंद करायचे. मग बाहेर पाऊल टाकून लगेच आत यायचे, ती धाप टाकू लागण्यापूर्वीच, आणि तेही गाजावाजा न करता. सेकंद वाढवत न्यायचे, मधूनच कमी करायचे, म्हणजे दर वेळी कसोटी कठीणच होत जाणार असे तिला वाटत नाही. सोबत रक्ततपासणी करून मी फ्लुओक्सेटिन सुरू केले. कुत्र्याला मानसिक आजाराचे औषध म्हटल्यावर नवऱ्याचा चेहरा उतरला. ते गुंगीचे औषध नाही, त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि एवढ्या घाबरलेल्या मेंदूला नवे शिकता यावे म्हणून ते द्यायचे असते, हे मी त्याला शांतपणे समजावले. अडकलेला दुधाचा सुळा नसबंदीच्या शस्त्रक्रियेच्या वेळीच, एका भुलीत, काढून टाकला. हिरडी भरून आल्यावर चपलांकडचा तिचा ओढा बराच कमी झाला.

संक्रांतीनंतर आजी परतल्या. चित्रीकरण त्यांनाही दाखवले होते. "माझ्या मागं हिनं अन्न सोडलं म्हणायचं की," असे म्हणून त्या किती तरी वेळ चिंगीच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. घरात माणूस आल्याने दाराचे खरवडणे साहजिकच थांबले, आणि आता सराव नि औषध बंद करायचे का, असा फोन मला आला. मी नको म्हटले. आजी असतानाची शांतता ही आजींच्या सोबतीची असते. चिंगीला एकटे राहता येते की नाही हे त्यातून काहीच कळत नाही.

तेव्हा पुढचा सराव आजींनीच हाती घेतला, आणि या कामाला त्यांच्याइतका योग्य माणूस मला क्वचितच भेटला आहे. त्यांना घाई नसते. त्या पिशवी उचलतात, दार ओढून घेतात, जिन्यात बसून वाती वळतात आणि मोबाइलवर चिंगीला पाहत राहतात. ती पायपुसण्यावर मुटकुळे करून झोपली की मगच देवळात जातात. आता चिंगी पाऊण तास एकटी राहते आणि मागे ठेवलेला खाऊ आजी जिना उतरायच्या आधीच संपवते. उन्हाळ्यात आजी पुन्हा गावी जाणार आहेत. तोवर वेळ चार तासांपर्यंत न्यायचा प्रयत्न आहे, अभ्यासाला येणाऱ्या मुलाला मे महिन्यासाठी आताच सांगून ठेवले आहे, आणि त्या काळात औषधाची मात्रा कमी करायची नाही असे आम्ही ठरवले आहे.