अटलांटिसखालची २ मिनिटं ४५ सेकंद

ऑर्लँडोहून केनेडी स्पेस सेंटर गाडीने तासाभरावर. रॉकेटं, बस, महागडं खाणं यावर शब्द घालवत नाही. अटलांटिस यान ४३.२१ अंशांत तिरकं टांगलंय (४-३-२-१, उलटी गणती!). त्याच्याखाली तळमजल्यावर चॅलेंजर आणि कोलंबिया या यानांच्या अपघातांत गेलेल्या १४ अंतराळवीरांचं स्मृतिदालन आहे. उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या सिम्युलेटरला ही भलीमोठी रांग आणि इथे तुरळक माणसं. गर्दी नाही हे बरंच. कल्पना चावलांच्या नावाशी भारतीय मंडळी हमखास थांबतात.

माझे पाय मात्र चॅलेंजरच्या पत्र्यासमोरून हलेनात. यानाच्या डाव्या अंगाचा तुकडा, त्यावर झेंडा, आणि अंगभर ओरखडे. २८ जानेवारी १९८६ ला हवा २ अंश सेल्सिअस होती. थंडीने कडक झालेलं रबरी ओ-रिंग उजव्या बूस्टर रॉकेटचा सांधा सील करू शकलं नाही. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या थायोकोल कंपनीचे इंजिनिअर १२ अंशांखाली उडवू नका म्हणत होते; त्यांच्याच वरिष्ठांनी तो सल्ला फिरवला. अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने हे सगळं उघड केलं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण उड्डाणाच्या ७३ व्या सेकंदाला यान मोडलं, त्यानंतरचं काय? क्षणात सगळं संपलं, असंच बरेच दिवस सांगितलं जात होतं. प्रत्यक्षात इंधनाची टाकी फुटल्यावर यान हवेच्या माऱ्याने मोडलं आणि कॉकपिटचा भाग जवळजवळ अखंड सुटला. तो आधी आणखी वर, सुमारे २० किलोमीटरपर्यंत गेला आणि मग खाली आला. समुद्रावर आदळेपर्यंत २ मिनिटं ४५ सेकंद. वेग ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास.

त्याच वर्षी जुलैमधल्या नासाच्या डॉ. जोसेफ कर्विन यांच्या अहवालात हे आहे. आणीबाणीतल्या हवेचे चार संच सापडले, त्यांतले तीन सुरू केलेले. वैमानिक मायकेल स्मिथ यांच्या संचाची कळ त्यांच्या खुर्चीच्या पाठीमागे होती, म्हणजे ती मागच्या कुणीतरी फिरवली. त्या संचातली बहुतेक हवा वापरली गेली होती. मात्र त्यात दाबाखालचा ऑक्सिजन नव्हता. केबिनचा दाब गेला असेल, तर शुद्ध काही सेकंदांतच हरपली असणार. तो गेला की नाही, हे आदळलेल्या सांगाड्यावरून ठरवता आलं नाही. मृत्यूचं नेमकं कारणही अहवालाने अनिर्णितच ठेवलंय, आणि मला हे प्रामाणिक वाटतं. खटकतं ते आधीचं ठाम ‘क्षणात’.

जाणार असाल तर हा छोटासा अहवाल वाचून जा. पत्रा वेगळाच दिसतो. आणि सिम्युलेटर आधी उरकून घ्या. इथून बाहेर पडून लगेच पट्टा आवळून बसायची इच्छा होत नाही.