गच्चीवर वाफसा येत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. प्रश्न नेहमीचाच. "भाऊ, आपल्या वावरात पुरुषभर काळी माती आहे, कापूस छातीला लागतो. मग तीच माती ट्रॉलीभर आणून गच्चीवर टाकली तर झाडं का मरतात?" जळगावात विचारतात, शिरपूरला विचारतात, शहाद्यालाही. आणि उत्तर अर्ध्यावर असतानाच म्हणतात, "म्हणजे खत कमी पडलं."

खताचा इथे संबंध नाही. कमी पडते ती मातीची खोली. आणि खोली मुळांना पसरायला लागते एवढंच आपण धरून चालतो, तिथेच घोळ होतो.

भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा, उंची वाढल्यानं पुन्हा पाणी गळायला लागतं. वावरात पाऊस उघडला की खालची चार-पाच फूट माती वरचं पाणी ओढून घेते आणि वाफसा येतो, म्हणजे मातीत ओलही राहते आणि हवाही. स्लॅबवर खालून ओढणारं काहीच नसतं. पाणी थराच्या बुडाशी अडतं, आणि माती जितकी बारीक तितकं वरपर्यंत चढून राहतं. सहा इंच काळी माती म्हणजे झडीत जवळपास सगळीच चिबड, पाण्यानं गच्च भरलेली. भोक कितीही मोठं पाडा, ते पाणी सुटत नाही. मातीनंच ते धरून ठेवलेलं असतं.

जळगावातल्या एका गच्चीवरचा वाफा मला विसरता येत नाही. चार फूट बाय दहा फूट, खाली प्लॅस्टिक, त्यावर तीन इंच खडी, वर नऊ इंच काळी माती. जूनमध्ये वांग्याची रोपं लावली, ती झपाट्यानं वाढली. जुलैत आठवडाभर झड लागली आणि ओल्या मातीत रोपं माना टाकायला लागली. पानं पिवळी पडली म्हणून युरिया दिला, मान टाकली म्हणून आणखी पाणी दिलं. रोप उपटलं तेव्हा चार बोटांखालची माती निळसर राखाडी झालेली, वास कुजक्या अंड्याचा. पांढरी मुळी एकही नाही. तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून यायची, आत नुसता दोरा. मुळांना हवाच मिळाली नव्हती. श्वास कोंडलेलं मूळ पाण्यात बुडूनही पाणी वर चढवू शकत नाही, म्हणून झाड तहानलेलं दिसतं.

ऑक्टोबरमध्ये तीच माती आकसली. कठड्यालगत बोटभर फट पडली. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट पाइपात जायचं, आतलं ढेकूळ कोरडंच राहायचं. गच्चीखालच्या खोलीत ओल आली ती वेगळीच.

"एक फूट पुरे, खाली खडी टाका," हा सल्ला माझाच होता. तेव्हा सगळेच असं सांगत, आजही सांगतात. पण वरची बारीक माती भिजून गच्च झाल्याशिवाय पाणी जाड खडीत उतरत नाही. म्हणजे खडीनं चिबड थर मुळांच्या आणखी जवळ आणला. खडी अगदीच चूक असंही नाही. जादा पाण्याला पन्हाळीपर्यंत वाट लागतेच. त्याला दीड इंच पुरते, वर माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड हवं.

वजनाचं तर कुणी विचारतच नाही. भिजलेली काळी माती घनफुटाला पन्नास-पंचावन्न किलो भरते. आपण वावरतो त्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला 150 किलो, म्हणजे चौरस फुटाला साधारण 14. फूटभर काळी माती त्याच्या जवळपास चौपट. जुन्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घरांवर मातीच होती ना, असं म्हणाल. ती पाणी मुरू न देणारी खारी माती होती, आणि पावसाळ्यात उगवलेलं गवत उपटून काढत.

आता मी सांगतो ते मिश्रण असं: भट्टीवरच्या फुटक्या विटांचे हरभऱ्यापासून बोराएवढे तुकडे, धूळ चाळून, निम्मे. तापीकाठचा पोयटा, म्हणजे नदीचा गाळ, पाव भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत पाव भाग. खत याहून वाढवलं किंवा तळाला कापसाची वाळली पऱ्हाटी भरली तर वजन घटतं, पण वर्षभरात वाफा चार बोटं खाली बसतो. मेथी-पालकाला सहा ते आठ इंच, वांगी-टोमॅटोला बारा ते पंधरा. लिंबाला दोन फूट तरी लागतं, तेही खांबाच्या डोक्यावरच, इंजिनिअरला दाखवून. माती चढवण्याआधी गच्चीवर 48 तास पाणी साठवून गळती बघा. कठड्यात पिंपळाचं रोप दिसलं तर त्याच दिवशी काढा.

एवढं करूनही एक गोष्ट माझ्यानं सुटलेली नाही. विटांच्या मिश्रणात झडीतही पांढरी मुळी चालते, पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे गेला की तेच मिश्रण दुपारपर्यंत कोरडंठाक होतं आणि दिवसातून दोनदा पाणी मागतं. ज्या गल्लीत नळ रोज येत नाही तिथल्या माणसाला हे करा म्हणून सांगावं का, याचं उत्तर मी दरवर्षी वेगळं देतो. केळीच्या वाळल्या पानांचं तीन बोटं आच्छादन केलं तर एका वेळचं पाणी वाचतं. दुसऱ्या वेळचं द्यावंच लागतं.