डिकीवरच्या शोभेपासून शर्यतीच्या स्पॉयलरपर्यंत: आमची वाटचाल

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा फायबरचा कारखाना सुरू झाला तो बसचे डॅशबोर्ड, सीटच्या पाठी आणि टेम्पोचे बंपर यांच्या कामावर. पुढे ॲक्सेसरीच्या दुकानांना आम्ही डिकीवरचे स्पॉयलर, म्हणजे डिकीच्या मागच्या कडेला बसवायच्या उभ्या पट्ट्या, पुरवू लागलो, तेव्हा त्यांना एकच कसोटी लागत असे, ती म्हणजे रंग गाडीशी जुळतो की नाही. शर्यतीच्या गाड्या तयार करणारे एक गॅरेजवाले आमच्याकडे आले ते मात्र निराळीच अडचण घेऊन. ताशी 150 किलोमीटरच्या पुढे ब्रेक दाबला की त्यांच्या सलून (मागे वेगळी डिकी असलेल्या) गाडीची शेपूट हलत होती आणि ती स्थिर करून हवी होती. आमच्या कामाला वळण लागले ते या मागणीमुळे.

छतावरून येणारी हवा मागच्या उतारावरून वळताना वेग घेते, तेथील दाब घटतो आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला जाऊ लागतो. त्यातच ब्रेक लागल्यावर भार पुढच्या चाकांवर सरकतो आणि आधीच हलकी झालेली मागची चाके पकड सोडू लागतात. डिकीच्या कडेला उभी पट्टी बसवली की तिच्यापुढे हवा तुंबते, डिकीवरचा दाब वाढतो आणि ही उचल कमी होते. फेरारीने 1961 मध्ये 246 एसपी या शर्यतीच्या गाडीवर अशी पट्टी लावली, तिचे श्रेय चालक रिची गिंथर यांना दिले जाते. रस्त्यावरच्या गाड्यांनाही हे चुकलेले नाही. ऑडी टीटीच्या पहिल्या पिढीला जर्मनीत अतिवेगात अपघात झाले, तेव्हा कंपनीने सस्पेन्शनमधील बदल आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणेबरोबर मागे एक छोटा स्पॉयलरही बसवून दिला.

स्पॉयलर म्हटला की हवेचा रोध वाढणारच, असा पुष्कळांचा समज असतो, तो अर्धाच खरा आहे. पोर्शेच्या 1973 सालच्या 911 कॅरेरा आरएस 2.7 गाडीवरील बदकाच्या शेपटीसारख्या स्पॉयलरने उचल घटवली आणि रोधही थोडा कमी केला, कारण उतरत्या पाठीवरचा कमी दाब गाडीला वर जसा ओढतो तसाच मागेही ओढतो. उंची वाढवत गेले की हा फायदा लवकरच संपतो आणि मग प्रत्येक सेंटिमीटरची किंमत इंजिनाला मोजावी लागते. गिऱ्हाईक मोठा स्पॉयलर मागते, तेव्हा आम्ही त्याच्यासमोर साधा हिशेब मांडतो. रोध-गुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडवतो हे सांगणारा आकडा) आणि समोरचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार स्पॉयलरमुळे 0.05 चौरस मीटरने वाढला, तर ताशी 100 किलोमीटरला जेमतेम एक हॉर्सपॉवर खर्च होते, 150 ला सुमारे तीन आणि 200 ला जवळपास सात. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, पण त्याला लागणारी शक्ती घनाने वाढते. कोइंबतूरच्या सुमारे 2.1 किलोमीटरच्या करी मोटर स्पीडवेवर हा खर्च वळणांत वसूल होऊ शकतो. ग्रेटर नोएडाच्या 5.125 किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवरील लांबच लांब सरळ पट्ट्यावर मात्र तीच गाडी मागे पडते.

आमच्या मते खरा प्रश्न त्याहूनही नाजूक आहे. स्पॉयलर मागच्या चाकांच्या आसाच्या पलीकडे असल्यामुळे तेथे पडणारा भार तरफेप्रमाणे पुढचा भाग किंचित उचलतो. आपल्याकडील बहुतेक सलून गाड्यांत पुढचीच चाके गाडी ओढतात आणि वळवतातही. ती हलकी पडली की वेगवान वळणावर गाडी स्टिअरिंग न जुमानता बाहेर सरकते आणि चालक इंजिनाला दोष देत बसतो. म्हणून मागची पट्टी ठरवण्यापूर्वी आम्ही पुढच्या बंपरखालचा स्प्लिटर, म्हणजे पुढचा भाग खाली दाबून धरणारी आडवी फळी, पाहतो. एकट्या मागच्या स्पॉयलरची ऑर्डर आम्ही नाकारतो असे नाही, पण ती घेताना आमचा चेहरा फारसा उजळत नाही.

विंड टनेलचे, म्हणजे गाडीवर जोराची हवा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्याचे, भाडे आमच्यासारख्या लहान कारखान्याला झेपणारे नाही. आम्ही मागच्या काचेवर आणि डिकीवर लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीने ओळीत लावतो आणि बाजूने धावणाऱ्या गाडीतून त्यांचे चित्रण करतो. तुकडे सरळ मागे पडले तर हवा पृष्ठभागाला धरून वाहते आहे. ते गरगरू लागले तर ती तेथे सुटली आहे, आणि अशा जागी पट्टी कितीही सुबक असली तरी तिचे काम अर्धेच होते. शॉकॲब्सॉर्बरवर सेन्सर लावून सरळ पट्ट्यावर मागची बाजू किती दबते हेही मोजतो.

बांधणीत आमचे सर्वाधिक लक्ष बैठकीवर असते. 1969 च्या स्पॅनिश ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत बार्सेलोनातील माँजुइकच्या रस्त्यांवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटस गाड्यांचे उंच विंग (गाडीला खाली दाबणारे, खांबांवर बसवलेले पंख) मोडून पडले आणि पुढच्याच मोनॅको शर्यतीत उंच विंगांवर बंदी आली. डिकीचा पत्रा पातळ असतो, भार आला की तो पट्टीसकट वाकतो आणि ठरवलेला कोन हरवतो. त्यामुळे पत्र्याखाली ॲल्युमिनियमची पाठपट्टी देऊनच आम्ही बोल्ट आवळतो आणि लॅमिनेटमध्ये, म्हणजे फायबरच्या थरांत, बोल्टच्या जागी धातूच्या बुशी (छोट्या नळ्या) आधीच बसवतो.

सध्या आम्ही तीन उंचींच्या बदलत्या पट्ट्यांचा संच तयार करतो, ज्याची बैठक एकच राहते आणि ट्रॅकनुसार वरची पट्टी बदलता येते. शर्यतीच्या ज्या गटात गाडी उतरणार त्याच्या नियमांत बसणारी उंची कोणती, हे संघाने लेखी कळवल्यावरच साचा काढला जातो.